दोनशे पंचाहत्तरांपैकी एक



2017 सालच्या सप्टेंबर महिन्यात जर्मनीतील फ्रँकफर्टच्या मोटार प्रदर्शनात मर्सिडीझ-एएमजी या कंपनीने एका मोटारीचे रूप जगासमोर ठेवले. फॉर्म्युला वन शर्यतीत धावणाऱ्या गाडीचे इंजिन रस्त्यावर चालणाऱ्या गाडीत बसवायचे, असा तो संकल्प होता. अशा केवळ 275 गाड्या तयार व्हायच्या होत्या. किंमत वीस लाख युरोंहून अधिक, म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पंधरा कोटी रुपयांच्या पुढे. तरीही उत्पादन सुरू होण्याच्या कितीतरी आधीच त्या सर्व गाड्यांना ग्राहक मिळालेले होते. मग प्रतीक्षा सुरू झाली. शर्यतीचे इंजिन गाडी उभी असतानाही मिनिटाला सुमारे पाच हजार फेरे घेत असते. ते रोजच्या रस्त्यावर शांतपणे चालावे आणि धुराविषयीच्या कायद्यात बसावे, यासाठी अभियंत्यांची वर्षे खर्ची पडली. पहिली गाडी ग्राहकाच्या हाती पडली ती 2023 च्या जानेवारीत.

पाच वर्षांहून अधिक काळ! एवढ्या काळात जन्मलेले मूल शाळेत जाऊ लागते, एखादा विद्यार्थी कुरआन मुखोद्गत करून हाफिज होतो, घरातील एखादे वडीलधारे माणूस कबरस्तानात पोहोचते. या काळात ते 275 ग्राहक एका अशा वस्तूची वाट पाहत होते, जी अद्याप अस्तित्वातच आलेली नव्हती. अशी वाट पाहताना माणसाच्या अंतःकरणात काय घडत असते, आणि त्या घडण्याविषयी आपल्याला जाब विचारला जाईल काय, या प्रश्नाचा विचार आज आपण करू या.

आपला याच्याशी काय संबंध?

आपण म्हणाल, पंधरा कोटींच्या मोटारीशी आमचा काय संबंध? आमच्या मोहल्ल्यातून रिक्षा कशीबशी वळते. प्रश्न रास्त आहे. परंतु मासिक हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल असो, नव्या फोनची पूर्वनोंदणी असो, की पंधरा कोटींची मोटार, प्रतीक्षेचा स्वभाव एकच असतो. किंमत बदलते, अंतःकरण बदलत नाही.

या ओळी लिहिणाऱ्याने काही वर्षांपूर्वी एक साधी चारचाकी नोंदवली होती. गाडी चार महिन्यांनी मिळेल असे सांगण्यात आले. या चार महिन्यांत मला माझ्याविषयी जे कळले, ते सांगण्यास संकोच वाटतो; पण सांगितले नाही तर हा लेख इतरांना उपदेश करण्यापुरताच उरेल. एके दिवशी इशाच्या नमाजेत सलाम फेरताच माझा हात तस्बीहकडे न जाता खिशातील फोनकडे गेला. गाडी कारखान्यातून निघाली की नाही, हे मला पाहायचे होते. शेजारी बसलेले एक वयोवृद्ध गृहस्थ बोटांवर तस्बीह मोजत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. मी मात्र त्या रात्री बराच वेळ जागा राहिलो. नमाजेत मी कुणासमोर उभा होतो, आणि माझे मन कोणत्या कारखान्याच्या दारात उभे होते?

वेग आणि सौंदर्य निषिद्ध आहे काय?

येथे एक गैरसमज आधीच दूर केला पाहिजे. सुंदर, वेगवान आणि मौल्यवान वाहनाची आवड असणे हेच मुळी पाप आहे, असे इस्लाम सांगत नाही. सूरह अन-नहलमध्ये घोडे, खेचरे आणि गाढवे यांचा उल्लेख अल्लाहच्या देणग्या म्हणून आला आहे. तेथे ती केवळ स्वार होण्यासाठी आहेत असे म्हटलेले नाही. ती शोभेसाठीही आहेत असे सांगितले आहे. आणि लगेच पुढे, मानवाला ज्यांची माहिती नाही अशा वस्तूही अल्लाह निर्माण करतो, याची आठवण दिली आहे. वाहनाच्या शोभेचा आनंद हा निर्मात्यानेच मान्य केलेला आनंद आहे.

वेगाचेही तसेच. आदरणीय प्रेषित मुहम्मद (स.) यांनी मदीनेत घोड्यांच्या शर्यती लावल्याचे सहीह हदीसमध्ये आले आहे. खास तयार केलेल्या घोड्यांसाठी अंतर लांबचे, हफया या ठिकाणापासून सनिय्यतुल विदापर्यंत. तशी तयारी नसलेल्या घोड्यांसाठी ते जवळचे, सनिय्यापासून बनू जुरैकच्या मस्जिदीपर्यंत. माननीय अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) त्या शर्यतीत स्वतः सहभागी होते. ज्या समाजाच्या प्रेषिताने शर्यतीचे अंतर आखून दिले, त्या समाजाने वेगाच्या कौतुकाला धर्मबाह्य ठरविणे योग्य नव्हे.

परंतु घोड्यांविषयीचीच दुसरी एक हदीस आपल्याला पुढच्या पायरीवर नेते. तिचा आशय असा की, घोडा तीन प्रकारच्या माणसांकडे असतो. एकासाठी तो पुण्य आहे, दुसऱ्यासाठी आडोसा आणि तिसऱ्यासाठी ओझे. पहिल्याने तो अल्लाहच्या मार्गासाठी बांधलेला आहे. त्या घोड्याने खाल्लेला चाराही मालकाच्या पुण्यात जमा होतो. दुसऱ्याने स्वतःची गरज भागविण्यासाठी आणि कुणापुढे हात पसरावा लागू नये म्हणून तो पाळला आहे, आणि त्यातील अल्लाहचा हक्क तो विसरलेला नाही. तिसऱ्याने तो फुशारकी, देखावा आणि वैर यांसाठी ठेवला आहे. घोडा एकच, चारा तोच, वेगही तोच. तरीही एकाच्या पारड्यात तो पुण्य होऊन पडतो आणि दुसऱ्याच्या पारड्यात ओझे होऊन. फरक आहे तो नीयतीचा. म्हणून मोटार हलाल की हराम, हा आपल्यापुढचा खरा प्रश्न नव्हे. हलाल कमाईतून, व्याजाविना, कुटुंबाचे आणि गरिबांचे हक्क देऊन घेतलेली मोटार हलालच आहे. खरा प्रश्न, ती तीन माणसांपैकी कोणत्या माणसाच्या दारात उभी राहणार आहे, हा आहे.

समुद्रात बुडालेल्या गाड्या आणि कराराची नीती

10 फेब्रुवारी 2022 रोजी जर्मनीच्या एम्डेन बंदरातून फेलिसिटी एस नावाचे जहाज सुमारे चार हजार मोटारी घेऊन अमेरिकेकडे निघाले. 16 फेब्रुवारीला अझोर्स बेटांजवळ त्याला आग लागली. अल्लाहच्या कृपेने जहाजावरील सर्व 22 कर्मचाऱ्यांचे प्राण वाचले. जहाज ओढून नेण्याचा प्रयत्न चालू असतानाच 1 मार्चला ते अटलांटिकच्या तळाशी गेले. त्यावर लँबोर्गिनी कंपनीच्या अव्हेंटाडोर अल्टिमे या शेवटच्या मर्यादित आवृत्तीतील पंधरा गाड्या होत्या. या आवृत्तीच्या जगभरासाठी 600 गाड्याच निघणार होत्या. आपली गाडी निघाली, एवढी वार्ता ज्यांना मिळाली होती, त्यांना दुसरी वार्ता ती बुडाल्याची मिळाली. कंपनीने पुढे त्या पंधरा गाड्या नव्याने तयार करण्याचे ठरविले. ग्राहकांची प्रतीक्षा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाली.

या घटनेतून कुणाच्या दुःखावर हसण्याचा आपल्याला अधिकार नाही. परंतु शरीअतने व्यवहाराचे नियम किती दूरदृष्टीने आखले आहेत, हे मात्र तिच्यातून स्पष्ट होते. प्रेषित (स.) मदीनेत आले तेव्हा तेथील लोक एक-दोन वर्षांनी मिळणाऱ्या खजुरांचे पैसे आधीच देत असत. त्यांनी हा व्यवहार बंद केला नाही. माप, वजन आणि मुदत निश्चित असावी, अशी अट मात्र घातली. यालाच सलम म्हणतात. जी वस्तू कारागिराकडून घडवून घ्यायची असते, तिच्यासाठी हनफी फुकहांनी इस्तिस्नाचा स्वतंत्र करार मान्य केला. कोकणात प्रचलित असलेल्या शाफई मसलकात असा व्यवहार सलमच्या अटींनी होतो आणि पूर्ण रक्कम कराराच्या बैठकीतच द्यावी लागते. तपशील आपल्या जवळच्या आलिमांना विचारावा. येथे एवढेच लक्षात घ्यावे की, अजून तयार न झालेल्या वस्तूचा करार आणि तिची प्रतीक्षा यांना इस्लाममध्ये जागा आहे. जागा नाही ती संदिग्धतेला.

आता दुसरी बाजू पाहा. मर्यादित आवृत्तीच्या मोटारींची एक रीत होऊन बसली आहे. नोंदणी मिळालेला माणूस गाडी हाती येण्याआधीच आपला क्रमांक तिसऱ्याला अधिक किमतीस विकतो. ज्याने गाडीला अद्याप हात लावलेला नाही, जो तिच्या नफा-नुकसानीची जोखीम घेत नाही, तो केवळ रांगेत आधी उभा होता म्हणून लाखोंचा धनी होतो. प्रेषित (स.) यांनी धान्य ताब्यात घेण्यापूर्वी विकण्यास मनाई केली. हनफी फुकहांनी हा नियम सर्व जंगम मालाला लावला आणि शाफई फुकहांनी सर्वच वस्तूंना. तसेच ज्याची जोखीम आपण उचललेली नाही, त्याचा नफा घेण्यासही हदीसमध्ये मनाई आहे. जहाजावरील त्या पंधरांपैकी एखाद्याने आपला क्रमांक आधीच विकला असता, तर त्याच्या खिशात नफा आला असता आणि गाडी समुद्राच्या तळाशी असती. या एका उदाहरणातून त्या मनाईचे मर्म कळते.

या बाबतीत जे कळण्यास इतरांना करार आणि कोर्ट यांची वाट धरावी लागली, ते आपल्याला चौदा शतकांपूर्वी शिकविले गेले आहे. फोर्ड कंपनीने 2016 साली आपल्या फोर्ड जीटी या गाडीसाठी अर्ज मागविले, तेव्हा पहिल्या 500 गाड्यांसाठी साडेसहा हजारांहून अधिक अर्ज आले. गाडी किमान दोन वर्षे विकणार नाही, अशी हमी ग्राहकांकडून घेण्यात आली होती. तरीही एका नामवंत ग्राहकाने ती आधीच विकली, आणि प्रकरण न्यायालयात जाऊन तडजोडीने मिटले. येथे आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. स्वतःच्या वापराच्या मोटारीवर जकात नाही. तीच मोटार भाव वाढल्यावर विकण्याच्या नीयतीने घेतली असेल, तर ती व्यापारी माल ठरते, आणि निसाब पूर्ण असल्यास दरवर्षी तिच्या बाजारभावावर अडीच टक्के जकात लागू होते. गाडी आच्छादनाखाली उभीच आहे. मालकाच्या मनात काय आहे यावरून तिचा हुकूम बदलतो.

‘मर्यादित’ या शब्दाचा अर्थ

आता या विषयाच्या गाभ्याकडे वळू. वाट पाहणे आपल्या समाजाला नवे नाही. आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना विचारा. पुण्याजवळ आकुर्डीत तयार होणारी बजाज चेतक स्कूटर नोंदवून लोक वर्षानुवर्षे थांबत. एका काळी ही प्रतीक्षा दहा वर्षांपर्यंत लांबत असे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला ती लवकर मिळे. म्हणून आखातात नोकरीस असलेल्या मुलाच्या घरी स्कूटर आधी येई आणि शेजारची नोंदणी तशीच पडून राही. त्या टंचाईत अन्याय होता, गैरसोय होती. परंतु स्कूटर नोंदविणाऱ्या माणसाला ती कुणाकडे नसावी असे वाटत नव्हते. त्याला ती हवी होती कामावर जाण्यासाठी, पत्नीला दवाखान्यात नेण्यासाठी, मुलांना ईदला नातेवाइकांकडे पोहोचविण्यासाठी. उत्पादन वाढले आणि सर्वांना स्कूटर मिळू लागली, तेव्हा त्याचा आनंद तिळमात्र कमी झाला नाही.

मर्यादित आवृत्तीची टंचाई याच्या अगदी उलट आहे. तेथे कारखाना अधिक गाड्या तयार करू शकतो. तो मुद्दाम करत नाही. मागणीपेक्षा एक गाडी कमी बनवावी, हे धोरण फेरारीच्या संस्थापकाच्या नावाने सांगितले जाते. गाडीच्या किमतीत इंजिनाचा वाटा आहे, कारागिरीचा आहे, आणि एक वाटा असा आहे की जो कोणत्याही धातूचा नाही. तो वाटा इतरांना ती न मिळण्याचा आहे. फोर्ड जीटीच्या बाबतीत प्रारंभी 500 हा आकडा होता; तो वाढत वाढत 1,350 वर गेला. पहिल्या 500 जणांच्या गाड्यांतून एकही खिळा कमी झाला नव्हता. तरीही त्यांच्यापैकी कुणाला काही गमावल्यासारखे वाटले असेल, तर गमावले काय?

याचे उत्तर मला माझ्याच गल्लीत मिळाले. मी नोंदविलेली गाडी साधी होती हे खरे. पण मी रंग असा निवडला होता, जो आमच्या भागात कुणाकडेच नव्हता. गाडी आली, लोकांनी माशाअल्लाह म्हटले, मी सुखावलो. दोन महिन्यांनी शेजाऱ्यांनी तीच गाडी घेतली, त्याच रंगाची. मी मुबारकबाद दिली आणि घरी आलो, तो मनात एक बारीक सल घेऊन. माझी गाडी जेथे होती तेथेच उभी होती. तिचा रंग तोच होता, इंजिन तेच होते. मग कमी काय झाले होते? कमी झाले होते एवढेच की, जे मला मिळाले ते आता शेजाऱ्यालाही मिळाले होते. त्या क्षणी मला कळले की दोन महिने मी ज्याचा आनंद घेत होतो, त्यातला बराचसा भाग गाडीचा नव्हताच. तो शेजाऱ्याच्या उणेपणाचा होता.

आपण जुम्याच्या दिवशी सूरह अल-कहफचे पठण करतो. त्यात दोन बागांच्या मालकाची कथा येते. द्राक्षांच्या बागा, भोवती खजुरीची झाडे, मध्ये शेती, मधून वाहणारा पाणवठा. बाग असण्याबद्दल त्याला दोष दिलेला नाही. त्याची घसरण सुरू होते ती सोबत्याशी बोलताना, आपण त्याच्यापेक्षा धनाने अधिक आणि मनुष्यबळाने वरचढ असल्याचे त्याने सांगितले तेथून. ‘तुझ्यापेक्षा’ या एका शब्दातून त्याचा अहंकार बोलू लागला. मग ही बाग कधी नष्ट होणारच नाही, असे त्याला वाटू लागले, आणि अखेरीस कयामतीविषयीही त्याला शंका आली. क्रम पाहा: आधी तुलना, मग खात्री, मग विस्मरण. सोबत्याने त्याला बाग सोडून दे असे सांगितले नाही. बागेत शिरताना ही अल्लाहची इच्छा आणि त्याचेच सामर्थ्य, असे का म्हटले नाहीस, एवढेच विचारले. प्रेषित (स.) यांनीही सुंदर वस्त्राच्या आवडीला अहंकार म्हटले नाही, सत्य नाकारणे आणि लोकांना तुच्छ लेखणे, यालाच अहंकार म्हटले. सौंदर्याचा आनंद आणि दुसऱ्याच्या वंचिततेचा आनंद, हे दोन्ही एकाच वस्तूतून मिळू शकतात. बाहेरून ते ओळखता येत नाहीत. ज्याचे त्यालाच ते आतून पाहावे लागतात.

प्रतीक्षेचा काळ कशासाठी?

येथे प्रतीक्षेचे महत्त्व लक्षात येते. वस्तू हाती आली की माणूस तिच्यात गुंतून जातो. ती येण्यापूर्वीचा काळ ही एक सवड आहे. या काळात माणसाच्या हाती फक्त त्याची इच्छा असते, आणि इच्छेला नीट पाहण्याची संधी पुन्हा सहसा मिळत नाही. वाचकहो, आपण ज्या कशाची वाट पाहत असाल, मोटार असो वा घर, तिच्याविषयी स्वतःला दोन प्रश्न विचारून पाहा. ही वस्तू उद्या माझ्या शेजाऱ्याला, भावाला, सहकाऱ्यालाही मिळाली, तर माझा आनंद वाढेल की घटेल? आणि ही वस्तू कधी आलीच नाही, तर अल्लाहविषयी माझ्या मनात तक्रार उभी राहील काय? पहिल्या प्रश्नातून आपला शेजारधर्म कळतो, दुसऱ्यातून आपला ईमान.

उत्तर मनासारखे आले नाही, तर नोंदणी रद्द केलीच पाहिजे असे नाही. नीयत सुधारता येते. वाहन येईल तेव्हा त्यातून कुणाला रुग्णालयात नेईन, कुणा वृद्धाला मस्जिदीत पोहोचवीन, असा संकल्प आजच करता येतो. मी माझ्या गाडीबाबत तो उशिरा केला. आता दर जुम्याला तेच वयोवृद्ध गृहस्थ माझ्या शेजारच्या आसनावर असतात. गाडीच्या रंगाविषयी त्यांनी आजवर एक शब्दही उच्चारलेला नाही. दार जरा जड आहे, एवढेच ते म्हणतात.

आदरणीय प्रेषित (स.) यांची अदबा नावाची सांडणी शर्यतीत कुणाला मागे टाकू देत नसे. एकदा एका ग्रामीण अरबाचे तरुण उंट तिच्या पुढे निघून गेले. सहाबींना याचे फार वाईट वाटले. तेव्हा प्रेषित (स.) यांनी समजावले की, या जगात जे काही उंचावते त्याला खाली आणणे, ही अल्लाहने स्वतःकडे घेतलेली गोष्ट आहे. स्वतःची सांडणी हरली असता एवढ्या शांतपणे बोलणे त्यालाच साधते, ज्याचे मोठेपण सांडणीवर अवलंबून नसते.

सूरह अल-आदियात बहुतेकांना मुखोद्गत असते. अवघ्या अकरा आयतींची ही सूरह. तिचा आरंभ धापा टाकत धावणाऱ्या, टापांतून ठिणग्या उडविणाऱ्या, पहाटे धुळीचे लोट उठवीत शत्रुसैन्यात घुसणाऱ्या घोड्यांच्या शपथेने होतो. वेगाचे याहून जिवंत चित्र कोणते? आणि त्यानंतर लगेच सांगितले जाते की मानव आपल्या पालनकर्त्याविषयी कृतघ्न आहे आणि संपत्तीच्या प्रेमात तो अतिशय कठोर आहे. मग कबरींतील सर्व उकरून बाहेर काढले जाईल आणि छातीत दडलेले उघड केले जाईल, त्या दिवसाची आठवण येते. मूठभर चाऱ्यासाठी घोडा मालकाच्या इशाऱ्यावर आगीत धाव घेतो. आणि ज्याला सर्व काही मिळाले तो मानव मात्र मालकाला विसरतो. त्या दिवशी कुणाच्या दारात कोणती गाडी उभी होती, हे विचारण्याआधी कुणाच्या छातीत काय होते, हे पाहिले जाईल.

ज्या भेटीची मुदत ठरलेली आहे, परंतु आपल्याला सांगितलेली नाही, तिची तयारी आपण किती केली आहे? त्या रांगेत आपला क्रमांक दुसऱ्याला विकता येत नाही आणि पैसे भरून पुढेही जाता येत नाही.

अल्लाह आपल्याला हलाल दे, दिलेल्यात बरकत दे, आणि जे आपल्याला मिळाले ते शेजाऱ्यालाही मिळावे असे मनापासून वाटणारे अंतःकरण दे. आमीन.